बायनाबाई आणि फणीतला कचरा

११ मार्च २०१३ रोजी नांदूरघाटजवळच्या एका वाडीतल्या दोर व तरट विणकर सहकारी संस्थेच्या बँक खात्यावर ३८७ रुपये ४० पैसे शिल्लक होते. त्या दिवशी सोमवार होता. मी केजच्या आमच्या कार्यालयातून एस.टी.ने नांदूरघाटला उतरलो आणि तिथून वाडीपर्यंत पायी गेलो. पिशवीत संस्था बंद करण्याचा अंतरिम आदेश, पंचनाम्याचे कोरे कागद आणि एक नवं कुलूप होतं. या संस्थेवर माझी अवसायक म्हणून नेमणूक झाली होती. अवसायक म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची आवराआवर करणारा सरकारी माणूस. त्याला कुठल्याच गावात कुणी चहा विचारत नाही.

या वाडीत मला चहा मिळाला. तो बायनाबाई उपाडे यांनी दिला. काळा होता, कारण दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती आणि दूध तिथूनच डेअरीला जात होतं.

वाडीत मातंग समाजाची सोळा घरं. पिढ्यान् पिढ्यांचं काम अंबाडीचं. अंबाडीची धाटं दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायची, साल सोडवायची, धुऊन वाळवायची आणि लोखंडी फणीतून ओढायची. लांब तंतू हातात राहतो. त्याचे पुरुष कासरे आणि दावी वळतात, बायका गाडीत अंथरायची, धान्य झाकायची तरटं विणतात. तोकडा तंतू फणीत अडकतो आणि तो कचरा म्हणून मागे टाकतात. दुष्काळाने दोन वर्षं अंबाडी पेरली गेली नव्हती, आणि पेरली असती तरी कुजवायला पाणी नव्हतं. वाडीच्या कोरड्या तळ्यातच त्या वर्षी चारा छावणी बसली होती. माल नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून व्यवहार नाही, आणि व्यवहार नाही म्हणून मी.

कागदावर ही एवढीच गोष्ट होती. वाडीत मात्र तिचा अर्थ वेगळा होता. संस्था होती म्हणून अकरा बायका ऊसतोडीला जात नव्हत्या. बायनाबाई स्वतः लग्नानंतर नऊ हंगाम कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या होत्या. दहाव्या वर्षी त्यांनी आणखी दहा जणींना गोळा करून ही संस्था काढली. नवरा आश्रुबा तेव्हा हयात होते आणि अर्जावर पहिला अंगठा त्यांचा होता. संस्था मोडली तर शेड सरकारजमा होणार, मुकादम उचलीचे आगाऊ पैसे घेऊन दारात येणार आणि दिवाळीनंतर अकरा जणी पुन्हा उसाच्या फडात जाणार, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बायनाबाईंचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. अंगाने बारीक. सूत वळून वळून उजव्या मांडीची कातडी चामड्यासारखी झालीय, असं त्या स्वतःच सांगत. बोलताना हात रिकामे ठेवत नसत. मी पंचनामा लिहीत होतो तेव्हाही त्या शेजारी बसून एक तुटकं दावं उलगडत होत्या.

मी शेडमधल्या वस्तू मोजल्या. माग सहा, फण्या चार, तराजू एक, पत्र्याची पेटी एक. संस्थेचे अध्यक्ष सुग्रीव उपाडे, म्हणजे बायनाबाईंचे धाकटे दीर, पंच म्हणून उभे होते. शेडच्या मागे गेलो तर तिथे कचऱ्याचा ढीग होता, छपराला लागेल एवढा. अंदाजे पंधरा क्विंटल.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फणीतला कचरा हाय सायेब. होळीचा," सुग्रीव म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. गावच्या होळीला पेटवण देण्याचा मान या वाडीचा. वर्षभर फणीतून पडलेला कचरा साठवायचा आणि होळीला सगळा नेऊन टाकायचा. अंबाडीचा तंतू ठिणगीला लगेच धरतो. पाटलाची गोवरीसुद्धा त्याआधी पडत नाही. आदल्या वर्षी ऐन होळीला गावात मयत झाल्याने होळी नावापुरती पेटली, म्हणून दुष्काळाआधीच्या शेवटच्या अंबाडीचा कचरा तसाच साचून होता. होळी पंधरा दिवसांवर होती.

मी लिहिलं : टाकाऊ तंतू, अंदाजे पंधरा क्विंटल, किंमत शून्य.

"काय लिवलं?" बायनाबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"शून्य म्हंजी हे संस्थेचं न्हाई?"

"ज्याला किंमत नाही त्याचा ताबा मी घेत नाही."

"मंग कुलूप याला न्हाई."

"नाही."

"तसं लिवा की. ताबा घेतला न्हाई म्हनून."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत पंचनाम्याचं वाक्य मला कुणी असं सांगून लिहायला लावलेलं नाही. मी लिहिलं. सुग्रीवना वाटलं, वहिनीने होळीचा कचरा वाचवला. शेडला कुलूप लावून मी निघालो तेव्हा बायनाबाई त्या ढिगाला वळसा घालत होत्या, बैल विकत घेताना घालतात तसा.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर कळलं. त्यांची लेक केशरबाई गेवराई तालुक्यात चकलांब्याला दिलेली. तिथे राधाकिशन नावाच्या बागायतदाराच्या मोसंबीत ती रोजाने जायची. टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवणं चाललं होतं. ऊन एवढं की सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जाई. एरवी बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरतात, पण त्या साली पाचट माणसांनी जनावरांना घातलं होतं. केशरबाईने फोनवर सहज सांगितलं, "आई, मालक झाडाला गोधड्या घालायच्या बाकी हायेत." संस्थेच्या शेडमागे त्या ढिगात बुडालेलं एक शेवग्याचं रोप होतं. त्याला दोन वर्षं कुणी पाणी घातलं नव्हतं आणि ते हिरवं होतं. अंबाडीचा कचरा जनावर खात नाही, म्हणून छावणीला त्याचा उपयोग नव्हता. झाडाला होता.

कायद्याने हरकत घेण्यासाठी महिनाभर मुदत असते. सुनावणी १५ एप्रिलला होती. तोवर संस्था काम करते आहे असं दिसलं तरच आदेश मागे जाणार होता, हे मीच त्यांना जाताना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडसमोरच्या लिंबाखाली त्यांनी जमिनीत मेखा ठोकल्या. माग कुलपात होते, पण चार मेखा आणि दोन आडवे दांडे एवढ्यावर तरट विणता येतं. आज्या तसंच विणत. कचऱ्याचं जाड, केसाळ सूत मांडीवर वळलं. उभ्या धाग्याला मात्र लांब तंतू लागतो. त्यासाठी छावणीच्या कडेला फेकलेली जुनी तुटकी दावी गोळा करून आणली आणि उलगडली. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, मध्ये बुंध्याला भोक आणि भोकापर्यंत एक चीर. आठ दिवसांत साठ चटया झाल्या. मांजरसुंब्याकडे रिकाम्या परतणाऱ्या कडब्याच्या ट्रकवर त्या टाकल्या, पुढे दुसऱ्या गाडीने चकलांब्याला गेल्या.

चटया गेल्यावर चौथ्या दिवशी राधाकिशनचा सुग्रीवना फोन आला. तो त्यांनी मला शब्दशः सांगितला.

"काय बे, चटया पाठवल्या का पत्रे? पानी टाकलं की वरनंच वाहून चाललंय. एक थेंब खाली जाईना. न्या तुमच्या परत."

चूक अशी झाली होती की चटया फार चांगल्या विणल्या होत्या. तरटातून ज्वारीचा दाणा गळता कामा नये, हे या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं. प्रत्येक ओळ ठोकून घट्ट बसवायची. त्या घट्ट विणीवर केसाळ सूत दाबून बसलं आणि पाणी त्यावरून छपरावरून जावं तसं गेलं. मी आजवर शंभरेक संस्था पाहिल्या आहेत. हलक्या मालाने बुडालेल्या बऱ्याच पाहिल्या. माल जास्त चांगला केला म्हणून परत आलेला ही एकच पाहिली.

मी २५ मार्चला नोटीस चिकटवायला वाडीत गेलो तेव्हा लिंबाखाली हाच वाद चालला होता. परत आलेल्या चटया एका बाजूला रचल्या होत्या. सर्वांत वयस्कर विणकर छबुबाई मेखांपुढे पाय पसरून बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, दात एक.

"सैल ईन म्हनती," छबुबाई मला सांगू लागल्या. "माझ्या सासूनं सैल ईनलं म्हनून हातावर दांडकं मारलतं. आता ही म्हनती सैल ईन. उद्या म्हनशील चाळनीत पीठ मळ."

"मावशे, झाडाला पानी पायजे. दानं साठवायचे न्हाईत त्याला," बायनाबाई म्हणाल्या.

"मला कळतंय गं. हाताला कळत न्हाई."

हे खरं होतं. मी पाहत होतो. छबुबाई सैल विणायला घेत, चार ओळी सैल जात आणि पाचव्या ओळीला हात आपोआप ठोकू लागे. इतर जणींचंही तेच. एकीने तर उसवून तीनदा विणलं आणि तिन्ही वेळा घट्ट.

सुग्रीव ढिगाजवळ उभे होते. त्यांच्यासोबत वाडीतले चार-पाच पुरुष होते आणि एक रिकामी बैलगाडी होती. दुसऱ्या दिवशी होळी होती.

"वैनी, झालं की आता. घेनारानंच माघारी धाडलं. भरू द्या गाडी."

"भावजी, सुनावनीला तीन आठवडे हायेत अजून."

"होळीला एकच दिस हाय. गावची होळी आपल्या कचऱ्यावर पेटती. बापजाद्यापासून कुनी आडवं आलं न्हाई. तुमच्यामुळं मान गेला तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

"आन् दिवाळीनंतर मी फडात तोंड कसं दाखवू? तिथला मुकादम अजून मला वळखतो. म्हनल, आली का बायना माघारी?"

सुग्रीव वाईट माणूस नव्हते. त्यांना तो मान सोडून गावात दुसरा काही मान मिळत नव्हता, आणि हे बायनाबाईंना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून त्या त्यांच्याशी भांडल्या नाहीत. पदर खोचून सरळ गावात विठ्ठलरावांच्या घरी गेल्या. विठ्ठलराव म्हणजे गावचे पाटील. होळीचा पहिला नारळ त्यांचा. सुग्रीव मागोमाग गेले आणि नोटिशीची एक प्रत पाटलांना द्यायची होती म्हणून मीही गेलो.

विठ्ठलराव ओट्यावर बसले होते. बायनाबाई अंगणात उभ्या राहिल्या.

"पाटील, एक इचारते. आमच्या पेटवनीचा मान तराजूवर मोजत्यात का?"

"म्हंजी?"

"गाडीभर आनली तर मान, आन् सूपभर आनली तर न्हाई, असं काई हाय का?"

विठ्ठलरावांनी थोडा विचार केला. "तसं कुनी मोजलं न्हाई आजवर. पेटायला कितीशी लागती?"

"मूठभर. पेटायला मूठ लागती, ढीग नुसता जळतो."

"सुग्रीव, तुझं काय म्हननं हाय?"

सुग्रीव खाली बघत म्हणाले, "लोक हसतील. म्हनतील, दुष्काळात दोरवाले बी सुकले."

"हसू दे की. औंदा माझ्या घरच्या गवऱ्या पाचच हायेत. सगळं शेन छावनीत पडतंय. मला हसतील आधी." मग ते बायनाबाईंना म्हणाले, "सूप आन. पर तुमी आल्याबिगर होळी पेटनार न्हाई, हे मी सांगून ठेवतो. उशीर करू नगं."

परतताना वाटेत पांदीला तुरीचं एक रिकामं शेत लागलं. तूर झोडपून झाली होती आणि बांधाला तुराट्यांचा ढीग पडला होता. तुरीची वाळकी काठी, बोटभर जाडीची. बायनाबाईंनी वाकून दहा-बारा काठ्यांची जुडी उचलली, पानं निपटली आणि हातात फिरवत चालू लागल्या. मला वाटलं चुलीला घेतली असेल.

लिंबाखाली आल्यावर त्यांनी त्यातली एक छबुबाईंच्या मेखांमध्ये आडवी टाकली, नुकत्या भरलेल्या ओळीला लागून.

"मावशे, आता ठोक. पाहिजे तेवढी ठोक."

छबुबाईंनी पुढची ओळ भरली आणि सवयीने ठोकली. ओळ तुराटीवर जाऊन बसली. मग दुसरी तुराटी टाकून तिसरी ओळ भरली. अशा आठ-दहा ओळी झाल्यावर बायनाबाईंनी तुराट्या एकेक करून बाजूने ओढून काढल्या. प्रत्येक दोन ओळींत बोटभर फट राहिली, सरळ, सगळीकडे सारखी. केसाळ सुताने ती फट अर्धवट झाकली, म्हणजे ऊन अडणार आणि पाणी उतरणार. त्यांनी तांब्यातलं घोटभर पाणी वरून सोडलं. पाणी त्या काळात असं सांडणं सोपं नव्हतं. ते चटईतून खाली मातीत गेलं.

छबुबाईंनी चटई उचलून उजेडाकडे धरली. "लई भोकं हायेत," त्या म्हणाल्या. "पर ईन खोटी न्हाई."

मला वाटतं, बायनाबाईंचं खरं मोठेपण इथे आहे. त्यांनी त्या हातांना खोटं काम करायला सांगितलं नाही. हात ठोकत राहिले आणि चटई सैल झाली.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना मी केजला परतलेला होतो, त्यामुळे होळी मी पाहिली नाही. सुग्रीवनी सांगितलं की गावातले लोक गोवऱ्यांच्या लहानशा ढिगाभोवती थांबले होते आणि पाटील नारळ हातात घेऊन उभे होते. बायनाबाई सूप घेऊन आल्या. सुपात वाडीतल्या सोळा घरांची सोळा मुठी अंबाडी होती. सकाळी दारोदार फिरून, प्रत्येक घराच्या हाताने त्यांनी ती टाकून घेतली होती. सूप त्यांनी सुग्रीवच्या हातात दिलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. "आधी आमी नुसती गाडी उलटी करत होतो," सुग्रीव मला म्हणाले, "सोळा घरं हायेत हे गावाला त्या दिवशी कळलं."

त्यानंतर लिंबाखाली दिवस उजाडल्यापासून काम चाललं. परत आलेल्या चटयाही उसवून पुन्हा विणल्या. ९ एप्रिलपर्यंत चारशे चाळीस चटया चकलांब्याला पोचल्या. राधाकिशनने तीनशे घेतल्या आणि उरलेल्या त्याच्या शेजाऱ्याने. ढिगाच्या तळाशी जो वळता न येणारा राठ तंतू उरला, त्याचे मुठीएवढे जुडगे बांधून चुना द्यायचे कुंचे केले. ते केजच्या बाजारात गेले.

सुनावणीला बायनाबाई एक चटई, विक्रीच्या पावत्या आणि राधाकिशनचं पत्र घेऊन आल्या. पत्रात एवढंच होतं की झाडांना टँकर आता आठवड्याऐवजी दहा दिवसांनी लागतो.

आमच्या साहेबांनी पावत्या पाहिल्या आणि विचारलं, "शेडला तर अवसायकांचं कुलूप आहे. मग संस्थेने काम केलं कसं?"

"कुलपात माग हायेत सायेब. आमी भाईर होतो."

"आणि कच्चा माल?"

"तो तुमच्याच सायबांनी लिवलाय. शून्य."

साहेबांनी पंचनामा काढून वाचला. 'किंमत शून्य, ताबा घेतला नाही.' मग माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून सांगितलं की वस्तुस्थिती तशीच आहे आणि संस्था काम करत असल्याचा माझा अहवाल सोबत जोडला आहे. शून्य लिहिताना माझी चूक झाली होती, हेही सांगितलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चटईवरून एकदा हात फिरवला. अंतरिम आदेश २२ एप्रिलला मागे घेण्यात आला. कुलूप काढायला मीच गेलो.

पुढच्या पावसाळ्यात अंबाडी पेरली गेली. २०१४ साली सभासदांनी बायनाबाईंना अध्यक्ष केलं. नाव त्यांच्या दिरानेच सुचवलं. आता फणीखाली गोणपाट अंथरलेलं असतं आणि कचरा वजन करून पुस्तकात लिहिला जातो. २०१६ च्या दुष्काळात संस्थेने अंबाडीच्या तरटांपेक्षा कचऱ्याच्या चटया जास्त विकल्या. छबुबाई त्या आधीच्या वर्षी वारल्या. अकरापैकी एकही बाई आजपर्यंत ऊसतोडीला गेलेली नाही. होळीला मात्र सूप जातं, सोळा मुठींचं. घरं आता एकोणीस झाली आहेत, तेव्हा मुठी एकोणीस.

मी येत्या ३१ मेला सेवानिवृत्त होतो आहे. टेबलावरची प्रकरणं हातावेगळी करताना या संस्थेची फाइल पुन्हा निघाली. अवसायनाच्या काळातला टपाल आणि झेरॉक्सचा खर्च नियमाप्रमाणे संस्थेने द्यायचा असतो. तो १४५ रुपये आहे. आम्ही दरवर्षी पत्र पाठवतो. मागच्या महिन्यात मी स्वतः जाऊन विचारलं.

"द्यायला कावून पायजे?" बायनाबाई म्हणाल्या. "संस्था मेली असती तर मयताचा खर्च दिला असता. ती मेलीच न्हाई."

"नियम आहे, बाई."

"नियमाला सांगा, माणूस जित्तं हाय." आणि त्यांनी चहा ठेवला, या वेळी दुधाचा.

माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी मी नोंद करून ठेवली आहे. १४५ रुपये अद्याप येणे आहेत.